घराचा माथा कोणाचा?

बेळगावच्या जुन्या वस्तीत वाडा उतरवून जी मजली इमारत उभी राहते, तिच्या जाहिरातीत अलीकडे 'पेंटहाउस' हा शब्द दिसू लागला आहे. ऐन शहरातील मोक्याची जागा, सर्वांत वरचा मजला, भोवती मोकळी गच्ची आणि ती गच्ची एकट्या घेणाऱ्याच्या मालकीची, असा त्याचा आशय असतो. गणपत गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, मारुती गल्ली, कचेरी गल्ली ही नावे ज्यांच्या घराण्यांच्या पत्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, त्या वाचकांना अशी जाहिरात नुसत्या किमतीचा विचार करून वाचता येणार नाही. जेथे ते घर विकायला निघाले आहे, तेथे कोणाचा तरी वाडा होता. आपल्यापैकी काहींचे ते आजोळ होते, काहींचे माहेर. आणि कडोलीसारख्या खेड्यांतून शिकायला गेलेल्या कित्येक मुलांचे ते पहिले बिऱ्हाड होते. तेव्हा वरचा मजला विकला जातो म्हणजे नेमके काय विकले जाते, ते विकण्याचा अधिकार कोठून आला आणि आपल्या पदरी त्यातून काय उरते, याचा इतिहासाच्या अंगाने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. 'पेंटहाउस' या शब्दाचा आजचा डौल फार जुना नाही. लॅटिनमधील 'जोडलेली वस्तू' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत आला. त्याचे जुने रूप 'पेंटिस' असे होते. 'हाउस' हे शेपूट त्याला लोकांनी मागाहून लावले. त्याचा मूळ अर्थ, मुख्य घराच्या भिंतीला टेकवून काढलेले उतरते छप्पर. म्हणजे ती आपली पडवीच! गुरे, सरपण, नांगर-जू ठेवायची ती जागा. हा पडवीचा शब्द इमारतीच्या माथ्यावर जाऊन बसला तो न्यूयॉर्कमध्ये, १९२० नंतरच्या दशकात, जेव्हा उंच इमारतींच्या गच्च्यांवर श्रीमंतांसाठी घरे बांधण्याची टूम निघाली.

ही उलथापालथ घडवली ती पाळण्याने, म्हणजे लिफ्टने. १८५७ साली न्यूयॉर्कमधील एका दुकानाच्या इमारतीत एलिशा ओटिस याच्या कारखान्याची, माणसे वाहून नेणारी लिफ्ट बसली. तोवर जगभर मजली इमारतींत वरचा मजला हा गरिबाचा असे. पॅरिसच्या मोठमोठ्या घरांत छपरालगतच्या खोल्या मोलकरणींना दिलेल्या असत. आपल्या गिरगावातल्या चाळींतही वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाला उन्हाळ्यात तापणारे छप्पर, पावसाळ्यात गळती आणि बारमाही जिने चढण्याचा त्रास सोसावा लागे. लिफ्ट आली, पाणी वर चढवणारे पंप आले आणि जी जागा सर्वांत स्वस्त होती ती सर्वांत महाग झाली.

आपल्याकडे उंचीला मान नव्हता असे मात्र नाही. तो सत्तेचा मान होता. पुण्यात शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. पुढे वाड्याला मजले चढत गेले, ते सात झाले असे सांगतात. सर्वांत वरच्या गच्चीला 'मेघडंबरी' म्हणत आणि तेथून आळंदीच्या ज्ञानेश्वरांच्या देवळाचा कळस दिसे, अशी आख्यायिका आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत वरचे सारे लाकडी काम भस्मसात झाले. उरले ते दगडी जोते, तट आणि दरवाजे. मराठी मुलखात घराच्या माथ्यावर एकट्याची मालकी मिरवण्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण आणि ते राज्यकर्त्याचे आहे. सामान्य गृहस्थाच्या वाड्यात मान होता तो पहिल्या माडीवरच्या दिवाणखान्याला. त्याच्याही वर काय असे, ते आता पाहू.

त्यासाठी बेळगावच्या वस्तीचा थोडा मागोवा घ्यावा लागेल. १८१८ च्या एप्रिलमध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, १८३२ मध्ये येथे लष्करी छावणी बसली, १८५१ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. त्याच्या आधीच, १८४८ मध्ये, आज सार्वजनिक वाचनालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथालयाचा पाया घातला गेला होता. अगदी लागून असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानचे. ते मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत वेगळ्याच अमलाखाली होते. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना राज्य बदलावे, अशी ही वस्ती. तिथे कोकणातून, गोव्याकडून, कोल्हापूर-सांगलीकडून आणि भोवतालच्या खेड्यांतून माणसे आली. कोणी पेढीसाठी, कोणी मागासाठी, कोणी छावणीच्या पुरवठ्यासाठी, कोणी कारकुनीसाठी.

मराठी अमलातील गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. ज्याचा जमिनीवर वंशपरंपरा हक्क तो मिरासदार किंवा थळकरी आणि जो बाहेरून येऊन मुदतीने जमीन कसतो तो उपरी. मिरास सहजासहजी सुटत नसे. कर्जापायी, दुष्काळापायी गाव सोडून गेलेला मिरासदार वर्षांनी परतला, तरी त्याचा हक्क मानला जाई. पेठा वसवताना राज्यकर्ते शेटे-महाजनांना कौल देत, नव्याने येणाऱ्यांना काही वर्षे करांची सूट देत; त्यामुळे पेठेतला माणूस आरंभी एका अर्थी उपरीच असे. त्याला थळकरी करी ते त्याचे घर. जागा विकत घेऊन, जोते घालून, देवघर मांडून एक-दोन पिढ्या गेल्या, म्हणजे तो त्या गल्लीचा होई. बाहेरून येऊन येथे रुजलेल्या आपल्या जुन्या घराण्यांना घर विकण्याचा प्रसंग इतका जिव्हारी का लागतो, याचे उत्तर या जुन्या भेदात आहे. घर गेले की आपण पुन्हा उपरी होऊ, ही धास्ती त्यामागे असते.

आता त्या घराच्या माथ्याकडे वळू. पुण्या-साताऱ्याकडच्या मोठ्या वाड्यांना काही ठिकाणी गच्ची असे, सोलापूरकडे मातीचे माळवद असे. बेळगावचे तसे नाही. सह्याद्रीच्या अंगाचा पाऊस अंगावर घेणाऱ्या या भागात सपाट छप्पर टिकत नाही. म्हणून येथली जुनी घरे उतरत्या छपराची, आधी नळीच्या कौलांची आणि पुढे मंगळुरी कौलांची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यावर ही चपटी कौले या सबंध पट्ट्यात पसरली. तेव्हा आज जिची एवढी किंमत सांगितली जाते ती गच्ची बेळगावच्या जुन्या घरात बहुधा नव्हतीच. ती सिमेंटच्या स्लॅबबरोबर आली. आपल्या घरात वर असे तो माळा.

माळ्यावर कोणी राहत नसे. तो कोणा एका भावाचा नसे, कोणा एका सुनेच्या ताब्यात नसे. लग्नाकार्यात लागणारी मोठी पातेली आणि पराती, पिढीजात पाळणा, गौरी-गणपतीचे सामान, मोडका पण टाकवत नाही असा पाट, खेड्यातल्या घरी बियाण्याची कणसे आणि पावसाळ्यासाठी राखलेले सरपण, हे सारे तिथे असे. चुली वेगळ्या झाल्या, दोन भाऊ बोलेनासे झाले, तरी पातेले काढायला दोघांच्याही घरचे त्याच शिडीवरून चढत. आणि एका कोपऱ्यात, खारव्याच्या कापडात बांधलेले घराण्याचे दफ्तर असे. घराचा माथा हा घरातला सर्वांत अविभक्त भाग होता, असे आम्हांला वाटते.

'अविभक्त' हा शब्द आपण धर्मशास्त्राकडून घेतला. योगायोग असा की, ज्या 'मिताक्षरे'च्या आधारे आपल्याकडील एकत्र कुटुंबाचे हक्क ठरले, तिचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) कारकिर्दीत होऊन गेला. ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. मिताक्षरेच्या मते मुलगा जन्मतःच वडिलार्जित मिळकतीत वाटेकरी होतो. वाटणी होईपर्यंत कोणाचा हिस्सा कुठला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. इंग्रजी अमलातल्या कायद्यांनीही या राहत्या घराला काही कुंपणे घातली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सांगितले की, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला त्या घरात कुटुंबाबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. १८९३ च्या वाटणी कायद्याने आणखी पुढे जाऊन म्हटले की, असा परका वाटणीचा दावा लावील तर घरच्या हिस्सेदारांना तो हिस्सा योग्य किमतीला परत विकत घेता येईल. पण त्याच कायद्याने दुसरी वाटही उघडली. घराचे तुकडे करणे सोयीचे नसेल तर न्यायालयाला ते विकून पैसे वाटता येतात.

वाडा मोडला तो या वाटेने. त्याचा सगळा दोष बांधकाम व्यावसायिकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. वाडा आतून आधीच मोडला होता. नोकरीसाठी एक भाऊ मुंबईला, एक पुण्याला गेला आणि मागे राहिलेल्याने एकट्याने कौले परतायची. तीन पिढ्यांत चाराचे चाळीस वाटेकरी झाले. रिकाम्या खोल्या भाड्याने दिल्या होत्या, त्यांचे भाडे गोठले. बेळगाव मुंबई राज्यात असताना झालेल्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याने १९६१ मध्ये आपला कायदा केला, आणि कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला. राज्ये बदलली, कायदे बदलले, तरी जुन्या भाडेकरूकडून येणाऱ्या रकमेत कौलांची दुरुस्ती होत नव्हती, हे कित्येक मालकांचे रडगाणे कायम राहिले. भाडेकरूची बाजूही विसरता कामा नये. त्यानेही त्या गळक्या खोलीत जन्म काढला होता आणि दुसरीकडे जाण्याची त्याची ऐपत नव्हती.

या मोडतोडीत एका गोष्टीचा मात्र न्याय झाला, तो लेकींचा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात असे कलम होते की, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस करून घेईपर्यंत मुलींनी ती मागू नये. म्हणजे तिचा हिस्सा कागदावर होता, पण तो मागायचा केव्हा, हे भाऊ ठरवणार. कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने १९९४ पासून मुलींना जन्मतः सहदायाद मानले, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हे सर्व देशाला लागू झाले आणि राहत्या घरासंबंधीचे ते कलमही रद्द झाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ साली हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, असा निर्वाळा दिला. वाडा विकताना 'बहिणींच्या सह्या' ही एक अडचण म्हणून आजही बोलली जाते. ज्या घरात त्या जन्मल्या त्या घराबद्दल त्यांना विचारावे लागते, यात अडचण कसली, असा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

असा वाडा विकसनासाठी दिला जातो. कुटुंबाला काही सदनिका किंवा दुकानगाळे, उरलेले मजले बांधणाऱ्याचे, असा करार बहुधा होतो. आणि वरचा मजला बहुधा बांधणाऱ्याच्या वाट्याला जातो. येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. जमिनीला न टेकणारे घर एखाद्याच्या मालकीचे होते कसे? मुंबईत याचे पहिले उत्तर सहकाराने दिले. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. जमीन व इमारत संस्थेची, सभासद राहण्याचा हक्कदार, अशी ती रचना होती. पुढे एकेक सदनिका विकणारे व्यापारी आले, फसवणुकी झाल्या आणि १९६३ मध्ये महाराष्ट्रात 'ओनरशिप फ्लॅट'चा कायदा करावा लागला. १९७० मध्ये महाराष्ट्राने आणि १९७२ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्याने अपार्टमेंट मालकीचा कायदा केला. बेळगावला हा १९७२ चा कायदा लागू आहे.

तो वाचताना जुन्या घराण्यातल्या माणसाला आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही. सदनिकेचा मालक आपल्या चार भिंतींचा स्वतंत्र मालक, पण जमीन, पाया, खांब, तुळया, जिने, अंगण आणि छप्पर हे सर्वांचे. त्यात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. शिवाय हा समाईक भाग सदैव अविभक्त राहील, त्याच्या वाटणीचा दावा कोणालाही लावता येणार नाही, असे कलमच त्यात आहे. सख्ख्या भावांना जे जमले नाही, ते कायद्याने अनोळखी शेजाऱ्यांवर बंधनकारक केले! वाटण्या करून करून आपण वाडा मोडला आणि त्याच जागेवर वाटणी न होणारी मिळकत पुन्हा उभी केली.

मग 'खासगी गच्चीसह' घर विकले जाते ते कसे? या कायद्यातच एक फट आहे. इमारतीच्या घोषणापत्रात वेगळे काही लिहिले नसेल, तर छप्पर सर्वांचे. म्हणजे सगळी मदार घोषणापत्रावर. आणि ते नोंदवलेलेच नाही, अशाही इमारती आढळतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणतात, समाईक गच्ची ही समाईक भागांत स्पष्टपणे घातली. एकाच सदनिकेला जोडलेली उघडी गच्ची असू शकते हे त्याने मानले, पण तिचे क्षेत्र चटईक्षेत्रात धरू नये असे सांगितले. म्हणजे गच्ची घराच्या भावाने मोजून विकणे हे त्या कायद्याच्या रचनेत बसत नाही. तथापि त्याला एक मर्यादा आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे पाच गुंठे. जुन्या गल्ल्यांतले कितीतरी वाडे याहून लहान जागेत उभे होते. नव्या वसाहतीत मोठे संकुल उभे राहते तेथे या कायद्याची नजर असते. आपल्या वाड्याच्या जागी सहा सदनिका आणि वर एक पेंटहाउस उभे राहते तेथे ती बहुतेक वेळा पोहोचत नाही. म्हणून वाडा देणाऱ्या कुटुंबानेच करारात लिहून घ्यायला हवे की, गच्ची समाईक राहील, पाण्याच्या टाकीकडे व कौलारू किंवा पत्र्याच्या छपराकडे जाण्याची वाट सर्वांना मोकळी राहील आणि घोषणापत्र नोंदवल्याशिवाय ताबा पुरा झाला असे मानले जाणार नाही. सही करण्यापूर्वी मसुदा जाणत्या वकिलाकडून आणि आपल्याला कळेल अशा भाषेत वाचून घ्यावा, हे सीमाभागात वेगळे सांगायला नको.

गच्चीचे हे झाले. माळ्याचे काय? वाडा उतरवताना मजूर प्रथम कौले काढतात, म्हणजे पहिला हात माळ्याला लागतो. खारव्यातले ते दफ्तर त्या दिवशी अंगणात येते. त्यातले खरेदीखत, वाटणीपत्र, कर भरल्याच्या पावत्या, क्वचित एखादी सनद किंवा कुळाची वंशावळ, बरेचसे मोडी लिपीत असते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली, म्हणून आजच्या पिढीला ते कागद म्हणजे नुसती वळणे वाटतात आणि रद्दीत जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून अशाच माळ्यांवरची दफ्तरे शोधत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा १८९८ चा पहिला खंड वाईला सापडलेल्या कागदांतून सिद्ध झाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. राजवाड्यांच्या काळी निदान वाडे उभे होते, आज नाही तर उद्या कोणी येऊन पाहील अशी आशा होती. आता वाडाच जातो आहे. बेळगाव, शहापूर, निपाणी आणि आपल्या खेड्यांतील मराठी घराणी येथे कधी आली, कोणत्या नात्याने स्थिरावली, शेजारच्या कानडी घराण्यांशी त्यांचे देणेघेणे काय होते, याचा पुरावा राजकीय भाषणांतून मिळणार नाही. तो या खरेदीखतांतल्या चतुःसीमेत आणि साक्षीदारांच्या नावांत आहे. घर गेले की आपण उपरी होऊ, अशी धास्ती ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की थळकरीपणाचा दाखला भिंतींपेक्षा त्या दफ्तरात जास्त आहे.

वाडे विकू नयेत, असा उपदेश आम्ही करणार नाही. ज्याच्या डोक्यावर गळके छप्पर आहे आणि ज्याच्या मुलाला शिक्षणासाठी पैसा हवा आहे, त्याला असा उपदेश करण्याचा अधिकार दूर राहून आठवणी काढणाऱ्यांना नाही. आमची विनंती इतकीच की, ज्यांचा वाडा यंदा-पुढल्या वर्षी उतरायचा आहे, त्यांनी कौले काढण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा. भावांनी, बहिणींनी मिळून माळ्यावरचे सामान खाली आणावे. दफ्तर उघडून कागदांची यादी करावी, छायाचित्रे काढून प्रत्येक वाटेकऱ्याकडे एक प्रत द्यावी, एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात ठेवावी आणि मूळ दफ्तर एका घरी, सर्वांच्या नावे, अविभक्त राहू द्यावे. मोडी वाचणारी माणसे अजून आपल्यात आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून निदान खरेदीखत आणि वाटणीपत्र वाचून देवनागरीत उतरवून घ्यावे.